अंगणाच्या कोब्याचे सांधे



आज मी तुमच्याशी एका अगदी लहान गोष्टीविषयी बोलणार आहे. लहान म्हणजे किती, तर करंगळीएवढी रुंद. अंगणात किंवा शाळेच्या आवारात सिमेंटचा कोबा घातला की त्याच्या दोन तुकड्यांमध्ये एक फट राहते, आणि कोबा व घराचे जोते यांच्यामध्येही एक फट राहते. या फटीला गवंडी सांधा म्हणतो, घरधनी भेग म्हणतो, आणि मुलांच्या लेखी ती मुंग्यांची वाट असते. तिच्याकडे लक्ष द्यावे असे सहसा कोणाला वाटत नाही. पण अंगण चार-पाच पावसाळ्यांत उखडणार की पुष्कळ वर्षे टिकणार, आणि जोत्याच्या भिंतीला तडा जाणार की नाही, हे बहुतेक वेळा या फटीवरच ठरते.

वळसंग हे सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरचे, दक्षिण सोलापूर तालुक्यातले गाव. आमच्या या भागातली जुनी घरे माळवदाची. काही अजूनही उभी आहेत. माळवदाचे घर ज्यांनी पाहिले आहे त्यांना त्याचा नेम ठाऊक आहे. मृग लागायच्या आधी माळवदावर पांढऱ्या मातीचा नवा थर टाकायचा, तो चोपायचा, पन्हळी मोकळ्या करायच्या, कुठे उंदराने बीळ केले असेल तर ते बुजवायचे. अंगण तर शेणाने सारवलेले; त्याला भेग पडली तर पुढच्या सारवणात ती भरून निघे. ही घरे कच्ची होती, पण त्यांची काळजी पक्की होती, असे म्हणायला हरकत नाही.

पुढे सिमेंट आले. अंगणे पक्की झाली, चिखल गेला, म्हाताऱ्या माणसांची घसरून पडण्याची भीती कमी झाली. हे सारे चांगलेच झाले. पण त्याबरोबर वर्षाचा तो नेमही सुटला. 'पक्के' या शब्दाने आपली अशी समजूत करून दिली, की आता याला पुन्हा हात लावायला नको. ही समजूत खरी नाही. सिमेंटचा कोबासुद्धा हलतो. डोळ्यांना दिसत नाही एवढाच फरक.

तो का हलतो हे आधी समजून घेऊ, म्हणजे पुढचे काम सोपे जाईल.

पहिले कारण त्याचे स्वतःचे वाळणे. काँक्रीट ओले असताना त्यात पाणी भरपूर असते. ते हळूहळू निघून जाते तसे काँक्रीट आक्रसते. दहा मीटर लांबीमागे हे आक्रसणे साधारण चार-पाच मिलीमीटर भरते. त्याला आक्रसायला जागा ठेवली नाही, तर ते आपली जागा आपण करून घेते, म्हणजे मधेच कुठेतरी वेडीवाकडी भेग पाडते. म्हणून चांगला गवंडी आधीच सरळ रेषेत सांधा पाडून ठेवतो. सांगायचे एवढेच, की सांधा हा कामातला दोष नव्हे. ती जाणूनबुजून ठेवलेली सोय आहे.

दुसरे कारण ऊन. पूर्वी लोहार बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवी, ती आधी जाळात तापवून. तापली की ती वाढे, चाकावर बसे. पाणी ओतले की आवळून घट्ट होई. तोच न्याय काँक्रीटला लागू आहे. दर मीटर लांबीमागे, दर अंश सेल्सिअसला, काँक्रीट सुमारे मिलीमीटरच्या शंभराव्या भागाइतके वाढते. आकडा क्षुल्लक वाटतो ना? पण आपल्याकडे पौषातल्या पहाटे कोबा हाताला गार लागतो आणि वैशाखातल्या दुपारी त्यावर अनवाणी पाय ठेवता येत नाही. दोहोंत पंचेचाळीस अंशांचा फरक धरला, तर दहा मीटरचा अखंड कोबा साडेचार मिलीमीटर वाढतो. शिक्षकांनी हे गणित सातवी-आठवीच्या वर्गाला जरूर घालावे. मुले स्वतःच विचारतील, की मग हा वाढलेला कोबा जातो कुठे? सांधा मोकळा असेल तर सांध्यात जातो. सांध्यात खडे अडकले असतील तर कडांचे टवके उडवतो किंवा जोत्याला रेटतो.

तिसरे कारण आपल्या पायाखालचे, आणि आपल्या जिल्ह्यात तेच सर्वांत मोठे. ते म्हणजे काळी माती. आमची जमीन बेसाल्टच्या काळ्या खडकाची, आणि त्या खडकापासून झालेल्या काळ्या मातीत एक चिकण द्रव्य असते. शास्त्रात त्याला माँटमोरिलोनाइट म्हणतात. त्याचे पापुद्रे पाणी शोषून फुगतात आणि वाळले की आकसतात. शेतकऱ्याला हे कोणी शिकवायला नको. उन्हाळ्यात रानाला अशा भेगा पडतात की हात कोपरापर्यंत आत जावा. आणि दोन चांगले पाऊस झाले की त्या भेगा मिटतात. रानात हा गुणच आहे. ही माती ओल धरून ठेवते म्हणून तर आपली रब्बीची ज्वारी पिकते. पण तीच माती अंगणाखाली असली, आणि सांध्यातून पाणी एकाच ठिकाणी मुरू लागले, तर तेवढी जागा फुगते आणि शेजारची कोरडीच राहते. एक तुकडा वर उचलला जातो, दुसरा तसाच राहतो. मग भेग पडते, त्या भेगेतून आणखी पाणी जाते, आणि चक्र सुरू होते.

शाळेत याचा सोपा प्रयोग करता येईल. काचेच्या दोन सारख्या उभ्या नळ्या घ्या. काळी माती आणि मुरूम उन्हात वाळवून, कुटून, बारीक चाळणीने चाळा. एका नळीत एक, दुसरीत दुसरे, सारख्याच उंचीइतके भरा. वर पाणी घालून ढवळा आणि चोवीस तास तसेच ठेवा. दुसऱ्या दिवशी दोन्हींची उंची पट्टीने मोजा. काळी माती किती वर आली आणि मुरूम कुठे राहिला, हे मुलांना दिसेल. मातीपरीक्षणाच्या प्रयोगशाळेतही फुगवटा मोजण्याची रीत साधारण अशीच आहे; तिथे एका नळीत पाणी आणि दुसऱ्या नळीत रॉकेल घेतात, कारण रॉकेलात ही माती फुगत नाही.

थंड मुलखांत हाच प्रश्न वेगळ्या रूपाने येतो. कॅनडा, अमेरिकेचे उत्तरेकडचे भाग, इथे आता आपली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. त्यांच्या घरापुढे रस्त्यापासून मोटारखान्यापर्यंत बहुधा काँक्रीटची वाट असते. तिच्या सांध्यात पाणी शिरले आणि थंडीत गोठले, की त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. ते पाचरीसारखे काँक्रीट फोडते आणि खालची जमीन उचलते. म्हणून तिथली माणसे हिवाळा यायच्या आत सुटीच्या दिवशी स्वतः सांधे साफ करून भरतात; मजुरी तिथे महाग. आपल्याकडे बर्फ नाही, पण फुगणारी काळी माती आहे. तिकडे हिवाळ्याआधीची घाई, इकडे मृगाआधीची. उपाय मात्र दोन्हीकडे एकच: सांध्यात पाणी जाऊ द्यायचे नाही आणि सांध्याची हालचालही अडवायची नाही.

या दोन्ही अटी एकदम पाळायच्या, इथेच आपली गल्लत होते. फट दिसली की आपण काय करतो? घमेल्यात मूठभर सिमेंट कालवतो आणि थापीने फट लिंपून टाकतो. त्या दिवशी ती छान दिसते. पण सिमेंट ताठ. पुढच्या थंडीत कोबा आक्रसला की ते एका कडेपासून सुटते. उन्हाळ्यात कोबा वाढला की त्याला हलायला जागा उरत नाही आणि कडेचे टवके उडतात. आपल्या पूर्वजांचा चुना या बाबतीत नरम होता. चुन्याच्या कामाला बारीक भेग पडली तर ओलाव्यात थोडा चुना विरघळून पुन्हा त्याच भेगेत बसे. इंग्लंडात जोसेफ ॲस्पडिनने १८२४ साली ज्या पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले, त्याचीच आजची सुधारलेली जात आपण वापरतो. तिचे बळ मोठे, पण चुन्याचा हा नरमपणा तिच्यात नाही. तेव्हा सांध्यात असे काहीतरी भरले पाहिजे, जे दोन्ही कडांना चिकटून राहील आणि रबरासारखे ताणले-दाबले जाईल.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. हे काम घरच्या दोन माणसांनी एका सकाळी करण्यासारखे आहे.

प्रथम वेळ निवडा. वैशाखातल्या दुपारी कोबा पुरता वाढलेला असतो, म्हणून सांधा सर्वांत अरुंद असतो. तेव्हा भरलेले द्रव्य थंडीत ताणून फाटते. पौषातल्या पहाटे सांधा सर्वांत रुंद. तेव्हा काठोकाठ भरलेले द्रव्य उन्हाळ्यात दाबले जाऊन वर येते आणि चाकाखाली ओरबाडले जाते. मधला काळ बरा, म्हणजे माघ-फाल्गुन, सकाळी दव वाळल्यावर. तो हुकला तर मृगाआधी एखाद्या सकाळी लवकर उरका. पण सांधा पूर्ण कोरडा असला पाहिजे. नवा कोबा असेल तर त्याला अठ्ठावीस दिवस होऊ द्या, मगच सांधा भरा.

दुसरे काम साफसफाईचे, आणि खरे सांगायचे तर निम्मे काम हेच. सांध्यातली माती, खडे, हरळीच्या मुळ्या आणि कोणी पूर्वी भरलेले सिमेंट छिन्नीने, वाकवलेल्या लोखंडी पट्टीने उकरून काढा. दोन्ही कडा तारेच्या ब्रशाने घासा. मग सायकलच्या पंपाने धूळ उडवून लावा. धुळीवर काहीही चिकटत नाही. पाण्याने धुतले तर दोन दिवस कडक ऊन द्या. सांधा फारच बारीक असेल तर तो यंत्राने कापून दहा-बारा मिलीमीटर रुंद करावा लागतो. त्या वेळी नाकातोंडावर चांगला मुखवटा आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. काँक्रीटची बारीक धूळ फुप्फुसाला घातक असते.

तिसरी गोष्ट बुडाची. भरायचे द्रव्य सांध्याच्या फक्त दोन कडांना चिकटावे, तळाला चिकटू नये. तळालाही चिकटले तर ते तिन्ही बाजूंनी जखडले जाते आणि ताणले जाताना फाटते. यासाठी बाजारात फोमची दोरी मिळते; ती सांध्यापेक्षा पाव हिश्शाने जाड घ्यावी, म्हणजे दाबून बसते. डांबर गरम ओतणार असाल तर मात्र ती वापरू नका, वितळेल. खाली कोरडी वाळू भरा.

चौथी गोष्ट द्रव्याची निवड. डांबर स्वस्त आणि ओळखीचे. पण आपल्या उन्हात नुसते डांबर पातळ होते, चपलेला लागते, घरात येते. त्याऐवजी सांध्यांसाठी मुद्दाम केलेले डांबरी मिश्रण घ्यावे; त्याच्यासाठी आय.एस. १८३४ या क्रमांकाचे भारतीय मानक आहे, तो क्रमांक डब्यावर पाहावा. ओतून झाल्यावर वर दगडाची भुकटी किंवा बारीक कोरडी वाळू भुरभुरावी, म्हणजे पायाला चिकटत नाही. डांबर तापवताना फार जपा. ते दीडशे अंशांच्या वर तापलेले असते. त्यात पाण्याचा थेंबही पडू देऊ नका, एकदम फसफसून उतू येते. मुलांना दूर ठेवा, अंगभर सुती कपडे आणि जाड हातमोजे घाला. अंगावर थेंब पडलाच तर त्या जागेवर गार पाणी धरत राहा, चिकटलेले डांबर ओढून काढू नका, आणि दवाखाना गाठा.

दुसरे द्रव्य पॉलियुरेथेन. ते नळीत भरलेले येते, तापवावे लागत नाही, बंदुकीसारख्या दांड्याने दाबून भरतात. किंमत जास्त, पण टिकते चांगले, आणि घरच्या माणसाला हेच सोपे. मात्र जुन्या डांबराच्या अंशावर ते धरत नाही, तेव्हा कडा पुरत्या खरवडा. खिडकीच्या काचेला लावतात ते आंबूस वासाचे सिलिकॉन आणू नका. काँक्रीटला ते नीट धरत नाही.

भरताना एक प्रमाण लक्षात ठेवा: जेवढी रुंदी त्याच्या निम्मी खोली. सांधा १२ मिलीमीटर रुंद, तर द्रव्य ६ मिलीमीटर खोल. हे प्रमाण नळीतल्या द्रव्याचे. डांबरी मिश्रण मात्र रुंदीइतके खोल चालते. भरलेले द्रव्य कोब्याच्या पातळीपेक्षा दोन-तीन मिलीमीटर खालीच राहू द्या, म्हणजे चाक किंवा जनावराचा खूर त्याला लागत नाही. नळीचे द्रव्य साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या चमच्याच्या पाठीने दाबून सारखे करा आणि दोन दिवस त्यावरून गाडी नेऊ नका.

किती माल लागेल? पुन्हा वर्गासाठी गणित. अंगण ९ मीटर लांब, ६ मीटर रुंद, आणि दर ३ मीटरवर सांधा. लांबीच्या दिशेने एक सांधा ९ मीटरचा. रुंदीच्या दिशेने दोन, प्रत्येकी ६ मीटर. एकूण २१ मीटर. १२ बाय ६ मिलीमीटरच्या हिशेबाने ३०० मिलिलिटरची एक नळी चार मीटरहून थोडी पुढे जाते. पाच नळ्यांत काम जवळजवळ होते आणि अगदी थोडक्यासाठी अडते. म्हणून सहा आणाव्यात. जोत्याजवळचा सांधा रुंद असतो, त्याचा हिशेब वेगळा धरावा.

ज्यांना नवा कोबा घालायचा आहे त्यांना चार शब्द. माळवदाच्या घराला जसे खण असतात तसे कोब्यालाही खण पाडून घ्या. १०० मिलीमीटर जाडीच्या कोब्याला तीन मीटरहून मोठा खण नको. सांध्याची चीर जाडीच्या चौथ्या हिश्शाइतकी तरी खोल हवी, आणि ती पहिल्या दिवसातच पाडली पाहिजे. उशीर केला तर भेग आपल्याआधी पोचते. जोत्यालगत वीस मिलीमीटरची मोकळी फट ठेवा. खालची काळी माती जमेल तेवढी काढून मुरमाची भर घाला आणि पाणी मारून नीट चोपा. आणि अंगणाला घरापासून बाहेर ढाळ द्या: तीन मीटरला सहा सेंटीमीटर. ढाळ उलटा असेल, छपराची पन्हळ जोत्याशीच गळत असेल किंवा न्हाणीचे पाणी भिंतीलगत मुरत असेल, तर उत्तम सांधा भरूनही उपयोग नाही. पाणी आधी दूर काढा, सांधा नंतर भरा.

मी भूगोल शिकवणारा माणूस. माती, ऊन आणि पाणी यांचा संबंध सांगणे एवढे माझे काम. म्हणून एक मर्यादा स्पष्ट सांगतो. सांध्याच्या दोन कडा एकमेकींपेक्षा वरखाली झाल्या असतील, कोबा पायाखाली पोकळ वाजत असेल किंवा भिंतीत तिरपा तडा वाढत असेल, तर ते दुखणे सांध्याचे नाही, पायाचे आहे. तिथे जाणत्या अभियंत्यालाच बोलवावे.

शेवटी एक विनंती. गावात आता सिमेंटचे रस्ते झाले, शाळांची आवारे झाली, अंगणवाडीपुढे कोबे झाले. हा पैसा गावाचा आहे. २००२ साली पुरा खुला झालेला मुंबई-पुणे द्रुतगती मार्गही काँक्रीटचाच. त्यालाही ठरावीक अंतरावर सांधे आहेत आणि ते भरलेले आहेत. एवढ्या मोठ्या रस्त्याला जे लागते ते आपल्या गल्लीच्या रस्त्याला नको, असे कसे होईल? काम पाहायला उभे राहाल तेव्हा विचारा, सांधे कधी कापणार आणि कशाने भरणार? शिक्षकांनी मृगाआधी मुलांना घेऊन आवाराचे सांधे एकदा पाहावेत. कुठे हरळी उगवली, कुठे खडे बसले, कुठे द्रव्य कडेपासून सुटले, याचा कागदावर नकाशा काढावा आणि तो ग्रामपंचायतीकडे द्यावा. आपले आजे-पणजे मृगाआधी माळवदावर चढत ते कोणी सांगितले म्हणून नव्हे. पावसाला घराचे कच्चे ठिकाण नेमके सापडते, हे त्यांना ठाऊक होते. आपले कच्चे ठिकाण आता अंगणाच्या सांध्यात आहे. वर्षातली एक सकाळ त्याला द्यावी.